बूम फूटभर वर घेतला तर?

इंदूरच्या रामबागेत वाढलेला आमचा मावसभाऊ नोकरीनिमित्त भोपाळला आहे आणि सध्या बड्या तलावावर शिडाची होडी चालवायला शिकतोय. बूम म्हणजे शिडाची खालची कड ताणून धरणारा आडवा दांडा. वारा मागून येत असताना दिशा बदलली की तो सपकन इकडून तिकडे फिरतो, आणि उंच माणसाने वेळेत मान खाली घातली नाही तर टेंगूळ ठरलेलं. "दादा, बूम फूटभर वर घेतला तर काय बिघडतं?" असं त्याने परवा फोनवर विचारलं.

आकडे मांडूनच बघू. समजा, शीड त्रिकोणी आहे. डोलकाठीलगतची कड 4.5 मीटर, बूमवरची 2.4 मीटर, म्हणजे 5.4 चौरस मीटर कापड. वाऱ्याचा एकूण रेटा ढोबळमानाने त्रिकोणाच्या मध्याशी, म्हणजे बूमच्या 1.5 मीटर वर लागतो. होडी आडवी वाहून जाऊ नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेली फळी खाली उलटा जोर लावते. या दोन जोरांमधलं उभं अंतर हीच होडी कलंडवणारी तरफ. ती 2.9 मीटर धरू.

आता तेच शीड, फक्त उंच डोलकाठीवर 30 सेंटिमीटर वर. तरफ 3.2 मीटर झाली, कलंडवणारा जोर 10 टक्क्यांनी वाढला. शिवाय डोलकाठीचं वजनही वर गेलं.

डोलकाठी तीच ठेवून शीडच खालून 30 सेंटिमीटर कापलं तर? कापड 4.7 चौरस मीटर उरतं, म्हणजे ओढ 13 टक्क्यांनी घटते. पण उरलेल्या शिडाचा मध्य वर सरकल्यामुळे कलंडवणारा जोर जेमतेम 7 टक्क्यांनी कमी होतो. असा सौदा आपल्या सराफ्यात कुणी करणार नाही.

रीफ घेण्यात नेमकं उलटं घडतं. जोराच्या वाऱ्यात शिडाचा खालचा पट्टा गुंडाळून बांधतात, त्याला रीफ घेणं म्हणतात. कमी होतं ते खालचंच कापड, पण इथे शिडाचं टोक डोलकाठीवरून खाली उतरतं. कड 4.5 वरून 3.6 मीटर केली तर कापड 36 टक्क्यांनी कमी होतं आणि कलंडवणारा जोर 43 टक्क्यांनी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, त्यामुळे ही सोय चैन नव्हे.

लहान मुलं शिकतात त्या ऑप्टिमिस्ट होडीचं शीड चौकोनी असतं, तेही यासाठीच सोयीचं: बुटक्या डोलकाठीवर बरंच कापड मावतं आणि रेटा खालीच राहतो.

माळव्याच्या पठारावर आणखी एक गंमत. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, भोपाळही जवळपास तेवढंच. इथली हवा सुमारे 5 टक्के विरळ, म्हणून त्याच वेगाचा वारा किनारपट्टीपेक्षा तेवढा कमी रेटतो. शब-ए-मालव्याची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, झुळूक गच्चीवर झकास, शिडाला मात्र ती पुरत नाही. अशा मंद वाऱ्यात कापड गमावणं जास्त जाणवतं.

भावाला मी सुचवलं की बूमचं पुढचं टोक आहे तिथेच राहू दे, फक्त मागचं 30 सेंटिमीटर वर घे. शिडाचा मागचा खालचा कोपरा तेवढा वर कापून घ्यावा लागेल, पण नुकसान निम्मं, 7 टक्क्यांच्या आतबाहेर. मान वाचवायची आहे ती मागे बसणाऱ्याची, आणि उंची मिळते तीही मागेच.