खारं पाणी सोडलं की तळं निवळतं?

जळगाव-धुळ्याकडे एक समज पक्का आहे: आरओचं वाया जाणारं खारं पाणी तळ्यात गेलं तर बिघडत नाही, उलट पाणी निवळतं. निवळतं हे खरं. क्षारांमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पण तो स्वच्छतेचा पुरावा नव्हे.

खरी गडबड तळाशी होते. आपल्या काळ्या मातीचे कण अमोनियम (नायट्रोजनचं एक रूप) धरून ठेवतात. खाऱ्या पाण्यातला सोडियम वाढला की तो अमोनियमची जागा बळकावतो आणि सुटलेला नायट्रोजन पाण्यात येतो. एरवी तो हवेत परत पाठवणारे जिवाणूही जास्त खारटपणात मंदावतात. बोअरच्या क्षारांत सल्फेट असेल तर आणखी पंचाईत. प्राणवायू नसलेल्या गाळात त्याचा सल्फाइड होतो (सडक्या अंड्याचा वास येतो तो याच्याच वायूचा). सल्फाइड लोहाला पकडतो, लोहाने धरलेला फॉस्फरस मोकळा होतो आणि शेवाळाची चंगळ होते. म्हणजे बाहेरून घाण आली नाही तरी तळं स्वतःच्याच गाळातून हिरवं होऊ शकतं!

‘उन्हाळ्यात आटलं की क्षारही जातात’ हे तर साफ चूक. वाफ होते ती पाण्याची. जळगावच्या मेहरूणसारख्या तलावाचं पाणी एप्रिलमध्ये आणि पावसाळ्यानंतर टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने) मोजून पाहा.