डोहाळगीतं: माजघरातून फोनवर, आणि मालकीचा घोळ

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत डोहाळजेवणाचं गाणं आता रेकॉर्ड होतं ते फोनवरच. दुपारी मावशी गाते, संध्याकाळपर्यंत ते पुण्याच्या भाचीकडे पोचलेलं असतं.

पोटातल्या बाळासाठी गाणं ही फार जुनी रीत. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती विधींच्या प्राचीन ग्रंथात सीमंतोन्नयनाच्या, म्हणजे गरोदरपणातल्या संस्काराच्या वेळी दोन वीणावाल्यांनी सोमराजाची गाथा गावी असं सांगितलंय. आपण जिच्या काठी राहतो त्या नदीचं नावही तीत घ्यायचं. म्हणजे आपल्याकडे विश्वामित्रीचं. पुढची शतकं बायकांनी ही गाणी तोंडपाठ ठेवली. १९१६ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली, पण ती रागदारीवाल्यांची.

कॅसेटी आल्या आणि गर्भसंस्काराचा बाजार उभा राहिला. मोझार्टचं संगीत ऐकून बुद्धी तल्लख होते, या १९९३च्या ‘मोझार्ट परिणामा’चा दाखला त्यात अजून दिला जातो. तो प्रयोग ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवरचा होता, परिणाम दहा-पंधरा मिनिटांचा, आणि गर्भाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देतं, एवढं मात्र खरं. हल्ली डॉपलरवरचे (पोटावर लावायच्या यंत्रावरचे) बाळाचे ठोके, मिनिटाला ११० ते १६०, तंबोऱ्यावर बसवून पाठवायची हौस आलीय. मशीनमधून ऐकू येतो तो हृदयाचा मूळ आवाज नसतो, पण आजीला ते कोण सांगणार!

खरा घोळ हक्कांचा. पारंपरिक डोहाळगीताचे शब्द आणि चाल कुणा एकाची नाही. एखाद्या कंपनीनं ते गाऊन घेतलं, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या ध्वनिमुद्रणावर तिचा हक्क ६० वर्षं, गाण्यावर नव्हे. मावशीनं स्वतः गायलं, तर गायिका म्हणून तिलाही हक्क आहे. तो १९९४च्या दुरुस्तीनं आला. आधी २५ वर्षांचा होता, १९९९मध्ये ५० वर्षांचा झाला. कागदावर मावशी भक्कम.

यूट्यूबवर मात्र २००७पासून आवाज जुळवून पाहणारी यंत्रणा आहे आणि ती चालसुद्धा पकडते. मावशीचं गाणं कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी जुळून दावा लागला की व्हिडिओ अडतो किंवा जाहिरातीचा पैसा दावेदाराकडे वळू शकतो. हरकत घेता येते, पण तिच्यावर पहिला निर्णय दावेदारच देतो आणि त्याला ३० दिवस असतात. चोरानंच पंचनामा करावा, तसला हा प्रकार.

असा दावा आल्यावर इथल्या एका महिला मंडळात दोन तट पडले. तरुण सुना म्हणाल्या, लढू. ज्येष्ठांनी ठरवलं, गाणी फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवायची. शेवटी ज्येष्ठांचंच चाललं. कटकट टळली खरी, पण फॉरवर्ड होता होता गाणारीचं नाव गळतं, आणि बडोद्याबाहेरच्या मुलीला शोधून काही सापडत नाही. माझ्या मते हा निर्णय घाईचा होता.

काही घरं आता गाणी यूट्यूबवर उघडपणे टाकतात आणि खाली लिहितात: पारंपरिक, कुणी गायलं, कुठे, कोणत्या वर्षी, शिकवलं कुणी. त्यानं यंत्र थांबत नाही, पण हरकत घेताना हाताशी काहीतरी असतं.