वादळात मेणबत्ती, दातदुखीला ल्युथर

जुलै 1505. जर्मनीत एरफुर्टजवळच्या स्टोटरनहाइम गावापाशी कायद्याचा एक विद्यार्थी वादळात सापडला. शेजारीच वीज कोसळली आणि तो घाबरून ओरडला, ‘संत ॲना, वाचव! मी संन्यास घेतो!’ हा विद्यार्थी म्हणजे मार्टिन ल्युथर. ॲना ही मेरीची आई, येशूची आजी आणि खाणकामगारांची पाठीराखी. ल्युथरचे वडील मान्सफेल्डला तांब्याच्या धंद्यात होते, त्यामुळे जिवावर बेतल्यावर तोंडी आलं ते घरचंच दैवत. नवस बोलला आणि पंधरवड्याच्या आत मठात जाऊन फेडलाही. संतांचा धावा करणं चूक आहे, असं पुढे याच माणसाने सांगितलं.

शाळेच्या पुस्तकात ल्युथरची धर्मसुधारणा म्हणजे पापमुक्तिपत्रं (पापाची शिक्षा माफ झाल्याचे चर्चचे विकतचे दाखले), त्याविरुद्धचे त्याचे 95 मुद्दे आणि पोपशी भांडण. ज्यांना सुधारायचं होतं ते लोक रोज काय करत होते, हे त्यात येतच नाही. 2 फेब्रुवारीला चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली मेणबत्ती घरी जपून ठेवायची. ढग गडगडले, बाळंतीण अडली किंवा कुणी अखेरच्या घटका मोजू लागलं की ती पेटवायची. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी तिकडे झावळ्या कुठून मिळणार? मग विलोच्या डहाळ्या आणायच्या, त्या घरात-गोठ्यात खोचायच्या आणि वादळ आलं की त्यातली एखादी विस्तवात टाकायची. 15 ऑगस्टला औषधी वनस्पतींची जुडी चर्चमधून मंतरून आणायची, ती माणसांना आणि गुरांनाही चालायची. गारपिटीचा ढग दिसला की चर्चची घंटा बडवायची. धर्म होता तो पीक, जनावर आणि बाळंतपण सांभाळायला. यात अज्ञान किती आणि व्यवहार किती, हे मला तरी सांगता येत नाही.

मेलेल्यांचीही सोय होती. शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी पापांची शिक्षा भोगायच्या जागी, अडकलेल्या आईबापांची शिक्षा कमी करून घेता येत असे. विटेनबर्गला सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) फ्रेडरिक याच्याकडे पवित्र अवशेषांचा, म्हणजे संतांच्या हाडांचा आणि वस्तूंचा, साठा होता. 1509 च्या सचित्र यादीत ते 5,005 होते, 1520 पर्यंत 19,000 च्या वर गेले. त्यांचं रीतसर दर्शन घेणाऱ्याला मिळणारी माफी 19 लाख वर्षांहून जास्त भरे! याच फ्रेडरिकने योहान टेट्झेल या पाद्र्याला आपल्या हद्दीत पापमुक्तिपत्रं विकू दिली नाहीत. त्यात तत्त्व थोडं आणि दुकानदारी जास्त असावी. लोक हद्द ओलांडून युटरबोगला जाऊन ती घेऊन आले. पैसा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी, असं सांगितलं जाई. पण त्यातला निम्मा माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याचं कर्ज फेडायला फुगर सावकारांकडे जाणार होता. 31 ऑक्टोबर 1517 ला ल्युथरने याच आल्ब्रेख्टला पत्र लिहिलं आणि सोबत आपले 95 मुद्दे जोडले.

माझ्या मते खरी गंमत त्यानंतरची आहे. 1528 च्या सुमारास ल्युथर आणि त्याचे सहकारी सॅक्सनीतल्या गावोगावच्या चर्चच्या तपासणीला निघाले. दहा वर्षं प्रवचनं झाली होती, पत्रकं वाटून झाली होती. आणि खेड्यात जाऊन बघतात तर लोकांना ‘प्रभूची प्रार्थना’ येत नाही, दहा आज्ञा माहीत नाहीत, कित्येक पाद्रीही कोरेच. 1529 च्या ‘लहान प्रश्नोत्तरी’ या धर्मशिकवणीच्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत ल्युथर वैतागून लिहितो, की हे लोक गुराडुकरांसारखे जगतात. त्याने काढलेला उपाय म्हणजे घोकंपट्टी. प्रश्न, उत्तर, पुन्हा तोच प्रश्न. घरात बापाने पोरांकडून आणि गड्यांकडून पाठ करून घ्यायचं.

कॅथलिकांनीही तेच केलं. जेझुइट पाद्री कानिसियसची प्रश्नोत्तरी 1555 ची, आणि कॅथलिक चर्चची ट्रेंटची धर्मसभा 1563 मध्ये आटोपल्यावर रोमची अधिकृत आवृत्ती 1566 ची. जेझुइट, म्हणजे धर्मप्रचार करणाऱ्या एका कॅथलिक संघाचे पाद्री, इटलीच्या डोंगराळ भागांना ‘इकडचे इंडीज’ म्हणू लागले; इंडीज म्हणजे धर्म शिकवायला जायचे दूरचे परके देश. कॉर्सिका हेच माझं इंडीज, असं त्यांच्यातल्या सिल्वेस्त्रो लांदिनीने 1553 मध्ये लिहिलं. घरचा धनगर आणि गोव्याचा शेतकरी त्यांना एकाच इयत्तेतले वाटत.

लोकांनी मात्र सुधारकांनाही आपल्या जुन्या चौकटीत बसवून टाकलं. आइसलेबनमधलं ल्युथरचं जन्मघर 1689 मध्ये जळालं. आत टांगलेलं त्याचं चित्र शाबूत राहिलं आणि ‘न जळणारा ल्युथर’ म्हणून गाजलं. त्याची आठवण म्हणून ठेवलेल्या लाकडी सामानाच्या ढलप्या काढून लोक दातदुखीवर वापरू लागले. ज्याने अवशेषांची पूजा बंद केली, त्याचेच अवशेष!

खऱ्या इंडीजमध्ये, म्हणजे गोव्यात, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये आला. त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्याच्या आरंभीच लिहिण्याचं कारण आहे. गोव्यातल्या सासष्टीतला एक ब्राह्मण म्हणतो, की प्रश्नोत्तरी ठीक आहे, पण पूर्वीसारखी पुराणं असती तर बरं झालं असतं. घोकंपट्टीने मन भरत नाही, ही तक्रार सॅक्सनीतल्या शेतकऱ्याचीही असती, फक्त त्याच्यासाठी कुणी अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या नाहीत. 1736 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढून लग्नातली हळद, दारची तुळस, अगदी बिनमिठाचा भातसुद्धा बंद केला. तरी गोव्याच्या कॅथलिक लग्नात नवरानवरीला अजून नारळाचा रोस लावतात. आणि 5 ऑगस्टला राय गावात कणसांचं फेस्त होतं. पाद्री नव्या भाताची कणसं विळ्याने कापून त्यांना आशीर्वाद देतो, आणि लोक ती घरी नेऊन क्रुसापाशी ठेवतात.