जोकरची उत्पत्तिकथा

बॅटमॅन या अमेरिकन कॉमिक-नायकाचा प्रमुख प्रतिस्पर्धी जोकर याच्या पूर्वायुष्याविषयी १९५१ पासून रचल्या गेलेल्या, परस्परांशी पूर्णपणे न जुळणाऱ्या कथांचा समूह. तसेच अशा खलपात्राला एकच अधिकृत पूर्ववृत्त असावे की नसावे, हा त्या अनुषंगाने उभा राहिलेला वाद. पात्राचे रूप आणि त्याची कार्यपद्धती सर्वपरिचित असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही.

जोकर प्रथम अवतरला तो ‘बॅटमॅन’ या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात. अंकावर वसंत १९४० असा काळ छापलेला असून तो बहुधा एप्रिलच्या अखेरीस विक्रीस आला. पात्राची कल्पना कोणाची, याविषयी तिन्ही संबंधितांची निवेदने एकमेकांशी जुळत नाहीत. चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्या म्हणण्यानुसार पत्त्यांच्या जोडातील जोकरच्या पानावरून हे पात्र त्यांनी सुचवले आणि त्या पानाचे रेखाटनही केले. बॅटमॅनचे चित्रकार बॉब केन यांनी मात्र पात्र आपले व लेखक बिल फिंगर यांचे असल्याचे सांगितले. रॉबिन्सन यांनी पत्ता मागाहून आणला आणि तो जोकरची खूण म्हणून वापरला गेला, एवढेच त्यांनी मान्य केले. फिंगर यांनी चेहऱ्यासाठी ‘द मॅन हू लाफ्स’ (१९२८) या मूकपटातील नट कोनराट फाइट यांचे छायाचित्र पुरवले, याविषयी फारसा मतभेद नाही. त्या काळच्या कथांवर केवळ केन यांचेच नाव छापले जाई, आणि कॉमिकच्या इतिहासलेखनाला बहर येण्यापूर्वीच, १९७४ मध्ये, फिंगर यांचे निधन झाले. त्यामुळे हा प्रश्न कागदपत्रांच्या आधारे सुटण्यासारखा राहिलेला नाही. बॅटमॅनच्या निर्मितीतील फिंगर यांचा वाटादेखील प्रकाशनसंस्थेने औपचारिकपणे मान्य केला तो २०१५ मध्ये. नाव व पत्त्याची खूण रॉबिन्सन यांची, चेहरा फाइट यांच्या छायाचित्रावरून आणि कथेतील वर्तन फिंगर यांचे, ही विभागणी उपलब्ध निवेदनांशी सर्वांत कमी विसंगत ठरते.

या उसनवारीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फाइट यांनी वठवलेला ग्विनप्लेन हा व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८६९ च्या कादंबरीतील नायक असून त्याच्या विद्रूपतेला सविस्तर इतिहास आहे: राजाज्ञेवरून विकल्या गेलेल्या या उमरावपुत्राचा चेहरा बालपणीच कायमचा हसरा करून टाकण्यात आला होता. जोकरकडे त्याचा चेहरा तेवढा आला. चरित्र मागेच राहिले.

पहिल्या अंकातील दोन्ही जोकर-कथांत त्याच्या पूर्वायुष्याचा उल्लेख नाही, आणि त्याची गरजही नव्हती, कारण दुसऱ्या कथेच्या शेवटी स्वतःच्याच खंजिराने तो मरावा अशी मूळ योजना होती. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी तो जिवंत असल्याचे दाखवणारी चौकट शेवटी घालायला लावली. एका कथेपुरत्या खलपात्राला भूतकाळ नसला तरी चालते. वारंवार परतणाऱ्या पात्राविषयी मात्र ‘हा मुळात कोण?’ हा प्रश्न वाचकांच्या मनात साचत जातो. याउलट अर्धा चेहरा विद्रूप झालेल्या टू-फेस या बॅटमॅनच्याच दुसऱ्या शत्रूची उत्पत्ती त्याच्या पहिल्याच कथेत (ऑगस्ट १९४२) सांगितलेली आहे, कारण तिच्यावाचून ते पात्र समजतच नाही.

जोकरची पहिली उत्पत्तिकथा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या १६८ व्या अंकात (फेब्रुवारी १९५१) आली, तिचे लेखन फिंगर यांचेच होते. बॅटमॅन विद्यापीठात गुन्हेशास्त्र शिकवत असताना दहा वर्षांपूर्वीचे एक न सुटलेले प्रकरण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. ‘रेड हूड’ नावाचा, डोके व चेहरा लाल शिरस्त्राणात झाकणारा चोर पत्त्यांच्या कारखान्यावर दरोडा घालताना रासायनिक सांडपाण्याच्या कुंडात उडी घेऊन नाहीसा झालेला असतो. अखेरीस जोकरच कबुली देतो की तो रेड हूड आपणच. प्रयोगशाळेतील नोकरी सोडून दहा लाख डॉलर चोरावेत आणि निवृत्त व्हावे, असा त्याचा बेत होता. शिरस्त्राणातील प्राणवायूच्या नळीमुळे तो सांडपाण्याखालून पोहत निसटला, परंतु रसायनांनी त्याचा वर्ण कायमचा बदलला. हे रूप पत्त्यांच्या कारखान्यामुळे लाभले म्हणून त्याने पत्त्यावरून नाव घेतले. या कबुलीत त्याचे मूळ नाव, कुटुंब, बालपण यांपैकी काहीच नाही. तिने रूपाचा उलगडा होतो, स्वभावाचा होत नाही: रसायनांत पडण्यापूर्वीही तो स्वेच्छेने चोरच होता आणि वेडाचा तर कथेत प्रश्नच येत नाही. पुढील सर्व रूपांतरांनी कमीअधिक प्रमाणात या कथेतील घटना स्वीकारली आणि तिच्यातली व्यक्ती मात्र आपापल्या परीने बदलली. म्हणून ‘जोकरला उत्पत्तिकथा नाही’ हे प्रचलित विधान तितकेसे नेमके नाही. त्याला घटना आहे, चरित्र नाही, असे म्हणणे अधिक योग्य होय.

ॲलन मूर यांनी लिहिलेल्या व ब्रायन बॉलंड यांनी चितारलेल्या ‘द किलिंग जोक’ (१९८८) या कथेने ही रिकामी जागा भरली आणि त्याच वेळी त्या भरणीवर संशयही निर्माण केला. येथे तो रासायनिक कारखान्यातील नोकरी सोडून विनोदवीर होऊ पाहणारा, अपयशी व निर्धन माणूस आहे. गरोदर पत्नीसाठी पैसा हवा म्हणून तो चोरट्यांना वाट दाखवण्यास राजी होतो. पत्नी अपघातात मरण पावल्याचे त्याच दिवशी कळते, तरी चोरटे त्याला माघार घेऊ देत नाहीत. १९५१ मध्ये लाल शिरस्त्राण ही गुन्हेगाराची स्वतःची युक्ती होती. येथे चोरटे ते कोणाही भोळ्या साथीदाराच्या डोक्यावर चढवतात, जेणेकरून सूत्रधार तोच वाटावा. गुन्हेगार अशा रीतीने बळी ठरतो. परंतु आपल्याला हे कधी एका तऱ्हेने आठवते तर कधी दुसऱ्या, आणि भूतकाळ असायचाच तर तो बहुपर्यायी असावा, असे जोकर त्याच कथेत सांगतो. बॉलंड यांनीही पुढे या पूर्ववृत्ताकडे जोकरच्या डोक्यातील अनेक शक्यतांपैकी एक म्हणून पाहिले आहे. या कथेचा स्वीकारही अर्धाच झाला. तिच्यातील वर्तमानकाळ, म्हणजे बार्बरा गॉर्डन या बॅटमॅनच्या साथीदारणीवरील (बॅटगर्ल) गोळीबार व तिला आलेले अपंगत्व, अधिकृत कथाक्रमात सामावला गेला आणि १९८९ पासून ती ‘ओरॅकल’ या नव्या भूमिकेत दिसू लागली. भूतकाळाला मात्र तशी मान्यता निःसंदिग्धपणे कधीच मिळाली नाही.

निश्चित पूर्ववृत्ताचा पक्ष दुबळा आहे असे नव्हे. मॅग्नेटो हा एक्स-मेन मालिकेतील शत्रू १९६३ मध्ये सरधोपट जगज्जेता म्हणून आला. १९८१ मध्ये ख्रिस क्लेअरमाँट यांनी त्याला आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेला ठरवले आणि त्याच्या प्रत्येक कृत्याला नैतिक वजन प्राप्त झाले. मिस्टर फ्रीझ या १९५९ पासूनच्या किरकोळ पात्राला १९९२ च्या ॲनिमेशन मालिकेतील एका भागाने आजारी पत्नीला गोठवून ठेवणारा पती बनवले. ती कथा कॉमिकनेही उचलली. २०१२ मध्ये ती स्त्री त्याची पत्नीच नव्हती असा बदल करण्यात आला, आणि तो बऱ्याच वाचकांना रुचला नाही. तथापि मॅग्नेटो व फ्रीझ यांना काहीतरी हवे असते, आणि ते का हवे आहे याचे उत्तर भूतकाळातच असू शकते. जोकरच्या बाबतीत असे हेतूचे सूत्र सापडत नाही. त्याची तुलना शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातील खलनायक इयागो याच्याशी करणे अधिक उद्बोधक ठरेल: तोही आपल्या द्वेषाची अनेक कारणे सांगतो आणि त्यांपैकी एकही पुरेसे वाटत नाही. इंग्रज कवी व समीक्षक कोलरिज यांनी त्याला हेतुशून्य दुष्टतेने चालवलेली हेतूंची शोधाशोध म्हटले आहे.

टिम बर्टन यांच्या १९८९ च्या चित्रपटाने जोकरला जॅक नेपियर हे नाव दिले आणि ब्रूस वेनच्या (म्हणजे बॅटमॅनच्या) आईवडिलांचा मारेकरीही ठरवले. कथानकाचे वर्तुळ त्यामुळे पूर्ण होते, पण बॅटमॅनच्या जन्माला कारण झालेला निनावी गुन्हा एका परिचित माणसाचे कृत्य होऊन बसतो. कॉमिकने हा बदल स्वीकारला नाही, हे उचितच झाले. ग्रँट मॉरिसन यांनी त्याच वर्षीच्या ‘अर्कम असायलम’ या मनोरुग्णालयात घडणाऱ्या कॉमिकमध्ये निराळी वाट घेतली: या माणसाला स्थिर व्यक्तिमत्त्वच नाही, तो दररोज स्वतःला नव्याने घडवतो, असे मत तेथील एक मानसोपचारतज्ज्ञ मांडते. या मांडणीत पूर्ववृत्तांची विसंगती हेच लक्षण ठरते. स्कॉट स्नायडर यांच्या ‘झीरो इयर’मध्ये (२०१३–१४) रेड हूड पुन्हा आला, परंतु शिरस्त्राणाखालील माणूस कोण हे मुद्दाम अनिश्चित ठेवले गेले. जेफ जॉन्स यांच्या ‘थ्री जोकर्स’ने (२०२०) विसंगतीचा उलगडा तीन वेगवेगळ्या जोकरांनी केला, आणि बॅटमॅनला जोकरचे खरे नाव पूर्वीपासून ठाऊक असल्याचे शेवटी उघड केले, ते नाव वाचकाला मात्र सांगितले नाही. तीन व्यक्ती कल्पून विसंगती मिटवण्याचा हा उपाय कल्पक असला तरी मूळ अडचणीपेक्षा अवजड आहे.

अन्य चित्रपटांपैकी ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) जोकर आपल्या तोंडावरील व्रणांच्या दोन वेगळ्या कहाण्या सांगतो. ‘जोकर’ (२०१९) हा संपूर्ण चित्रपट आर्थर फ्लेक नावाच्या एका माणसाच्या पूर्ववृत्ताला वाहिलेला असला, तरी त्यातील काही प्रसंग त्याच्या कल्पनेतले असल्याचे चित्रपटच दाखवतो. २०२४ च्या उत्तरभागात तर एक कैदी फ्लेकला ठार करतो आणि मागे आपलेच गाल चिरून घेताना दिसतो. ‘गॉथम’ या दूरचित्रवाणी मालिकेत (२०१४–१९) जेरोम व जेरेमाया व्हॅलेस्का या जुळ्या भावांकडे जोकरची लक्षणे विभागून देण्यात आली, मात्र जोकर हे नाव दोघांपैकी कोणालाही दिले गेले नाही.