नाण्यावरचा फिरता पट्टा

चकाकतं चांदीचं नाणं कॅमेऱ्याखाली ठेवलं, शेजारी दिवा लावला, आणि फोटोत आली कोळशाची चकती. अशा वेळी 'जास्त मेगापिक्सेलवाला कॅमेरा घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. पैसे वाचवा. गोची कॅमेऱ्याची नाही, कोनाची आहे.

कागदावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून कागद कुठूनही पांढराच दिसतो. गुळगुळीत धातू मात्र आरसा असतो. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे, हे शाळेत पाठ केलेलं असतंच. दिवा बाजूला आणि कॅमेरा बरोबर डोक्यावर असला, तर सपाट भागावरचा प्रकाश पलीकडे निघून जातो. कॅमेऱ्याला त्या आरशात दिसतं ते स्वतःचंच काळं भिंग. प्रूफ नाण्यांची, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांची, आरसेदार पार्श्वभूमी काळी येते ती यामुळे. त्यावर उपाय म्हणजे भिंग आणि नाणं यांच्यामध्ये 45 अंशांत धरलेली साधी काच. बाजूच्या दिव्याचा साधारण 10 टक्के प्रकाश ती खाली नाण्यावर टाकते, आणि तो सरळ वर, काचेतून कॅमेऱ्यात येतो.

पण खरी गंमत आहे ती चलनासाठी पाडलेल्या, पण न वापरलेल्या नाण्यात. ते हातात घेऊन तिरपं केलं की प्रकाशाचा एक पट्टा पंख्याच्या पात्यासारखा गरगरतो. हा येतो कुठून?

टांकसाळीत ठसा चकतीवर आदळतो तेव्हा दाबाखाली धातू चक्क वाहतो, मध्याकडून कडेकडे. हजारो नाणी पाडताना या घसटीने ठशावर चाकाच्या आऱ्यांसारखे अतिसूक्ष्म चरे पडतात आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतात. असा एकेक चरा म्हणजे लांबट, गोलसर आरसा. त्याच्यावर पडलेला प्रकाश पंख्यासारखा पसरतो, पण फक्त आडवा, म्हणजे चऱ्याच्या लांबीला काटकोनात. आता नाणं घड्याळ समजा आणि दिवा 12 च्या बाजूला ठेवा. 12 आणि 6 कडे जाणाऱ्या चऱ्यांचा प्रकाश डावी-उजवीकडे पसरतो, डोक्यावरच्या कॅमेऱ्याला तो मिळतच नाही. 3 आणि 9 कडे जाणाऱ्या चऱ्यांचा मात्र वर-खाली पसरतो, त्यातला थोडा कॅमेऱ्यात शिरतो. म्हणून पट्टा 3 ते 9 असा आडवा दिसतो. दिवा सरकवा, पट्टा फिरेल. नाणं जागच्या जागी फिरवा, चित्र फिरेल पण पट्टा हलणार नाही! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी फोटो काढायचंच विसरलो होतो.

दिवे दोन असतील, एक 10 वर आणि एक 2 वर, तर पहिल्याचा पट्टा 1 ते 7 आणि दुसऱ्याचा 11 ते 5. दोन्ही मिळून फुली होते आणि झळाळी बहुतेक नाण्यावर पोचते. उलट नाण्याभोवती पांढऱ्या कागदाचा तंबू उभारून सगळीकडून मऊ उजेड दिला, तर प्रत्येक चरा सारखाच उजळतो, पट्टा मरतो आणि नाणं प्लॅस्टिकचं वाटू लागतं.

फोटोआधी नाणं घासायचा मोह मात्र आवरा. घासलं की हे चरेच जातात, त्यांच्या जागी वेडेवाकडे ओरखडे येतात, आणि जाणकाराला ते लगेच कळतं. जुन्या चांदीवरच्या निळ्या-जांभळ्या छटाही पुसू नका. सिल्व्हर सल्फाइडच्या अतिपातळ थरातून होणाऱ्या व्यतिकरणाचे, म्हणजे थराच्या वरून आणि तळातून परतणारे किरण एकमेकांत मिसळल्याचे ते रंग, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच. त्यात दैवी काही नाही, कुणी तसं सांगून भाव चढवत असेल तर नाणं खाली ठेवा.

बाकी गोष्टी किरकोळ. फोन थोडा लांब धरून झूम करा, म्हणजे त्याची सावली पडत नाही. नाण्याखाली राखाडी कागद घाला, कारण पांढऱ्या कागदावर कॅमेरा बिचकून सगळंच गडद करतो. टायमर लावा, बोटाचा धक्का बसत नाही.

आणि दिवा 6 च्या बाजूला नको. उजेड वरूनच येतो असं मेंदू धरून चालतो, त्यामुळे खालून उजेड दिला की उठावाचा चेहरा खळग्यासारखा आत गेलेला भासू शकतो. या भ्रमावर 1786 साली डेव्हिड रिटनहाउस यांनी निबंध लिहिला होता. पुढे 1792 मध्ये ते अमेरिकेच्या टांकसाळीचे पहिले संचालक झाले.