म्हाताऱ्या बैलाचा भाव

२०२५च्या जुलैत राज्यातल्या कुरेशी समाजाने, म्हणजे जनावरांचा व्यापार आणि खाटीककाम करणाऱ्यांनी, जनावरांची खरेदी बंद केली. रस्त्यात गाड्या अडवल्या जातात, कागद असूनही मारहाण होते, जनावरं जप्त होतात, अशी त्यांची तक्रार होती. गोवंशाची कत्तल तर २०१५पासूनच बंद आहे, तेव्हा प्रश्न म्हशींचा होता. तरी बाजार बसल्याची ओरड शेतकऱ्यांनीही केली. ज्याने जन्मात मटणाचं दुकान पाहिलं नाही, ज्याच्या घरी पोळ्याला बैलाच्या पाया पडल्याशिवाय कुणी जेवत नाही, त्याचा हिशोब खाटीक घरी बसल्यावर का बिघडावा? खानदेशापुरतं याचं उत्तर द्यायचं तर शे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

खानदेशात मांसासाठी गुरांची पैदास कधीच झाली नाही, आणि दुधासाठीही फारशी नाही. गाय पाळायची ती गोऱ्ह्यासाठी, पुढे बैल होणाऱ्या नर वासरासाठी. तापीच्या दोन्ही अंगांनी काळ्या जमिनीत कपाशी, ज्वारी, पुढे केळी आली. वखर, तिफण आणि गाडी ओढायला बैल लागायचा. तो यायचा सातपुड्याच्या कुशीतून. खिल्लार या गुरांच्या जातीची खानदेशातली शाखा म्हणजे ठिल्लारी, पुस्तकांत तिला तापी खिल्लारही म्हणतात. पांढरीशुभ्र, नाकपुडी गुलाबीसर, खुरं फिकट, चालीला तेज. आटपाडी-म्हसवडकडे खिल्लार शेतकऱ्याच्या दावणीला वाढायचा. इकडे ठिल्लारी म्हणून ओळखले जाणारे गुराखी मोठाले कळप डोंगरात चारायचे आणि गोऱ्हे खाली तापीकाठच्या शेतकऱ्यांना विकायचे. पूर्वेला जळगाव जिल्ह्यात आणि सातपुड्यापलीकडे खरगोन-बडवानीत निमाडी: तांबडा रंग, त्यावर पांढरे ठिपके, गिरचं कपाळ आणि खिल्लारचा काटकपणा.

या कळपांना पहिला धक्का दिला जंगल खात्याने. १८७८चा वन कायदा आला, राखीव जंगलं झाली, चराईवर निर्बंध आले. महात्मा फुल्यांनी १८८३मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं मांडली, त्यात चराऊ रानं गेल्याचं दुःख आहे आणि गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी गुरं कापली जातात याचाही राग आहे. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच हिशोबात धरल्या होत्या. आजच्या वादात पहिलीचं नावही निघत नाही. मग १८९९-१९००चा दुष्काळ आला, गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात तोच. त्यात माणसांआधी गुरं गेली.

मांसासाठी पैदास करणारे देश वेगळे, आणि गंमत अशी की त्यांचं बीज इथून गेलेलं. अमेरिकेतली ‘ब्राह्मण’ नावाची गुरांची जात गिर, काँक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांपासून घडली. तिच्या पैदासकारांची संघटना १९२४ची. ब्राझीलमध्ये ओंगोलचा नेलोर झाला आणि त्या देशाच्या गोमांसाचा कणा बनला. तिथे वासराचं वजन रोज किती वाढतं हे मोजतात. आपल्याकडे मोजायचे ते दात.

दातांवरून सगळा बाजार चालायचा. अदात गोऱ्हा म्हणजे दुधाचे दात असलेला, अजून खांद्यावर जू न घेतलेला. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास सगळे दात आले की जुळलेला. बाजारात हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, बैलाचा ओठ वर करणार, मालक म्हणणार "दखाड रे भो, दात दखाड," आणि मग दोघांचे हात रुमालाखाली जाणार. बोटं दाबून भाव ठरायचा. बघ्यांना फक्त माना हलताना दिसायच्या.

आमचं गाव चोपड्याकडचं. माझे आजोबा, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, दर चार-पाच वर्षांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी जोडी बदलत. आखाजीला सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल सुरू होतं, तेव्हा माणूस आणि बैल दोन्ही एकाच सुमाराला ठरायचे. आप्पा जुळलेली जोडी विकायचे ती कोरडवाहू चार-पाच एकरवाल्याला. त्याला जवान जोडी परवडायची नाही. तो ती आणखी चार वर्षं वापरायचा आणि त्याच्याहून गरीब कुणाला तरी द्यायचा, कुणी भाड्याच्या गाडीला जुंपायचा. शेवटी खांदा गेलेला, दात झिजलेला बैल हेड्याच्या हाती. म्हणजे एक बैल चार घरं करायचा, आणि प्रत्येक घरी तो विकून मिळालेल्या पैशांत थोडी भर घालून पुढचा यायचा. साखळीच्या टोकाला काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. आप्पा बैल द्यायचे, दावं द्यायचे नाहीत. ते सोडवून खांद्यावर टाकून घरी आणायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. याला ढोंग म्हणणारे म्हणोत. मला त्यात ढोंग दिसत नाही, पण तो पैसा पेरणीला लागायचा हेही मी विसरत नाही.

कायदा या शेवटच्या टोकाशी बराच काळ जपून वागला. घटनेच्या ४८व्या कलमाने गायी-वासरांचं आणि दुभत्या, कष्टाच्या गुरांचं रक्षण हे राज्याचं धोरण ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५८मध्ये मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात गायी आणि वासरांवरची पूर्ण बंदी मान्य केली, पण कामातून गेलेल्या बैलावरची नाही. आधीच चारा कमी, त्यात निरुपयोगी जनावरं कामाच्या जनावरांचा घास खातील, असा तो विचार होता. महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा १९७६चा, तो १९७८पासून लागू झाला, आणि याच चौकटीत बसणारा होता: गाय आणि तिचं वासरू, मग ते नर असो की मादी, कापायचं नाही, बैल आणि वळू मात्र काम वा पैदाशीच्या उपयोगाचा राहिला नाही असा दाखला असेल तर चालेल. दाखले कसे मिळायचे हा वेगळा विषय.

१९९५ला युतीचं सरकार आलं आणि विधिमंडळाने बैल-वळूंनाही बंदीत आणणारी दुरुस्ती मंजूर केली. ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेली आणि तिथे जवळजवळ वीस वर्षं राहिली. मधल्या काळात, ऑक्टोबर २००५मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या कायद्यावर निकाल देताना १९५८चं मत सहा विरुद्ध एक असं फिरवलं. बैल म्हातारा झाला तरी शेण-मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, हा त्यातला मुद्दा. खताची किंमत खरीच आहे. पण त्या खतासाठी रोज लागणारा कडबा कुणाच्या गंजीतून यायचा? २६ फेब्रुवारी २०१५ला राष्ट्रपतींनी सही केली आणि ४ मार्चपासून महाराष्ट्रात गोवंशहत्या पूर्ण बंद झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. शहरात चर्चा झाली ती या दुसऱ्या भागाची. आमच्याकडे तो भाग कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. २०१७च्या मे महिन्यात केंद्राने बाजारात कत्तलीसाठी जनावरं विकण्यावर नियम काढले, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवले.

सगळं खापर कायद्यावर फोडणंही खरं नाही. बैल त्याआधीपासूनच हटत होता. ट्रॅक्टर आला, वाटण्यांनी शेतं लहान झाली, सालदार मिळेनासा झाला. दुधासाठी संकर सुरू झाला. होल्स्टिन, जर्सीच्या कालवडी गोठ्यात आल्या. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम असतं, मग जू टेकणार कुठे? तो जन्मला की घरात कुणाच्या चेहऱ्यावर आनंद नसतो. आता लिंगनिर्धारित रेतमात्रा आल्या आहेत, बहुतेक कालवडच व्हावी म्हणून. म्हणजे ज्या मुलखात गाय गोऱ्ह्यासाठी पाळत, तिथे गोऱ्हा होऊ नये म्हणून पैसे मोजले जातात. २०१२च्या पशुगणनेत राज्यात गायवर्गीय जनावरं सुमारे १ कोटी ५५ लाख होती, २०१९ला ती १ कोटी ४० लाखांवर आली. घट दहा टक्के. म्हशी जिथल्या तिथे, ५६ लाखांच्या आसपास.

कायद्याने काय केलं, तर साखळीचं टोक कापलं. टोकाला भाव उरला नाही तेव्हा चौथ्या घराने तिसऱ्याकडून बैल घेताना हात आखडला, तिसऱ्याने दुसऱ्याकडून. फटका अखेर अदात गोऱ्ह्यापर्यंत आला, कारण वाढवणाऱ्यालाही पुढचा हिशोब दिसतो. ज्या देशी गोवंशाच्या नावाने हे सगळं झालं, त्याच्या पैदाशीतच राम उरला नाही. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित केलं, गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. दावणीला बैल बांधून बसलेला शेतकरी त्यात नाही.

त्यात लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग. २०२२च्या साथीची राज्यातली पहिली नोंद आमच्याच जिल्ह्यातली, रावेर तालुक्यातल्या चिनावलची, ४ ऑगस्टची. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, पोळा घरच्या घरी उरकला. बैल मेला तर सरकारने २५ हजार भरपाई ठेवली होती, गायीला ३० हजार. गायीचा आकडा मोठा ठेवलेला पाहून गावातले म्हातारे हसले होते. त्यांच्या उमेदीच्या काळात उलट असायचं.

आणि आता कानातला पिवळा बिल्ला. बारा आकडी, १ जून २०२४पासून तो नसेल तर खरेदी-विक्री नाही. रोगराईच्या दृष्टीने सोय चांगली आहे, चोरीलाही आळा बसतो. पण बिल्ला काट्याकुट्यात अडकून निघतो. आमचा चुलतभाऊ गेल्या वर्षी आखाजीच्या आधी जोडी घेऊन बाजारात गेला, एकाच्या कानात बिल्ला, दुसऱ्याच्या कानात नुसतं भोक. फाटकावरच परत फिरवलं. जोडीतला एकटा कोण घेणार? दुपारभर झाडाखाली थांबून त्याने तोच टेम्पो परत बोलावला. जाऊन-येऊन भाडं अंगावर पडलं, आणि संध्याकाळी दोन्ही बैल होते त्या दावणीला.