विमानातला सर्व्हिस डॉग: अमेरिकेचे नियम आजच्या रूपात कसे आले

अमेरिकेतल्या विमानात कुत्रा दोन नात्यांनी चढतो. एक घरचा पाळीव. त्याचे वेगळे भाडे पडते, पिंजरा पुढच्या सीटखाली मावावा लागतो आणि त्याला न्यायचे की नाही हे कंपनी ठरवते. दुसरा सर्व्हिस डॉग. अपंग प्रवाशाला तो पांढऱ्या काठीसारखा किंवा व्हीलचेअरसारखा असतो. त्याचे भाडे घेता येत नाही आणि कायद्यात दिलेल्या मोजक्या कारणांवाचून त्याला अडवताही येत नाही. या दोघांमधली रेघ कुठे ओढायची, यावर गेली चाळीस वर्षे नियम लिहिले, सैल केले आणि पुन्हा आवळले गेले.

सुरुवात अंध प्रवाशांपासून झाली. नॅशव्हिलचे अंध मॉरिस फ्रँक १९२८ साली स्वित्झर्लंडला जाऊन प्रशिक्षित जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन आले. तिचे नाव बडी. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही प्रशिक्षणसंस्था उभी राहिली. आगगाड्या, हॉटेले, दुकाने अशा एकेका दारात या कुत्र्यांसाठी भांडावे लागले. युनायटेड या विमान कंपनीने १९३८ साली त्यांना मालकाच्या पायाशी बसून प्रवास करू दिला. पण ही कंपनीची सवलत होती. प्रवाशाला हक्क असा नव्हताच.

हक्क मिळाला तो न्यायालयात हरल्यावर. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांशी भेदभाव करू नये, असे १९७३ चा पुनर्वसन कायदा सांगत होता. विमानतळांना सरकारी अनुदान मिळते, तेव्हा तिथून उडणाऱ्या कंपन्याही या कायद्याखाली येतात, असे अपंग माजी सैनिकांच्या संघटनेचे म्हणणे होते. जून १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: अनुदान विमानतळाला मिळते, कंपनीला नाही. त्यावर अमेरिकी संसदेने विमान कंपन्यांसाठी वेगळा कायदा केला आणि २ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. हाच ‘एअर कॅरियर अॅक्सेस अॅक्ट’. त्याखालचे तपशीलवार नियम परिवहन खात्याने १९९० साली काढले.

पुढचा सगळा गोंधळ समजायचा तर १९९० च्या नियमातला एक मुद्दा नीट पाहावा लागतो. प्राणी खरोखर मदतनीस आहे हे कशावरून ओळखायचे? ओळखपत्र, लेखी कागद, अंगावरचा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) किंवा खूण, नाहीतर प्रवाशाने दिलेली विश्वासार्ह तोंडी हमी, यांपैकी काहीही चालेल असे नियम म्हणत होता. हे ढिलाईने लिहिलेले नव्हते. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदवही नाही आणि कोणतेही सरकारी प्रमाणपत्र सक्तीचे नाही. स्वतःच्या कुत्र्याला स्वतः शिकवायचा हक्क अपंग व्यक्तीला आहे. तिथे कागदाची सक्ती केली असती तर गरजू माणूसच दाराबाहेर राहिला असता.

पुढे ‘भावनिक आधाराचे प्राणी’ याच दारातून आत आले. परिवहन खात्याच्या २००३ च्या मार्गदर्शनात ते स्पष्टपणे मान्य झाले. या प्राण्यांना कोणतेही काम शिकवलेले असण्याची अट नव्हती. जवळ असल्याने धीर येतो, एवढे पुरे होते. २००९ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी थोडा लगाम घातला. कंपनी मानसोपचार क्षेत्रातल्या परवानाधारकाचे एक वर्षाच्या आतले पत्र आणि ४८ तासांची पूर्वसूचना मागू शकत होती. साप, फेरेट (मुंगसासारखा छोटा प्राणी), उंदीरवर्गीय प्राणी आणि कोळी नाकारायची मुभा मिळाली.

पण त्याच नियमाने खऱ्या गरजूंवरही भार टाकला. मनोविकारासाठी रीतसर शिकवलेल्या कुत्र्यालाही तेच पत्र आणि तीच पूर्वसूचना लागू लागली. दुसरीकडे इंटरनेटवर चार प्रश्नांची उत्तरे दिली की पत्र विकत मिळू लागले, कुत्र्याच्या अंगावर चढवायचे जाकीटही. पाळीव कुत्र्याचे एका बाजूचे भाडे शंभर ते सव्वाशे डॉलरच्या आसपास होते आणि आधाराचा प्राणी फुकट. तेव्हा ओघ कुठे जाणार हे उघड होते. भरीला कायद्यांमध्येच विसंगती आली. दुकाने-हॉटेलांना लागू असलेल्या अपंगहक्क कायद्याच्या नियमांनी मार्च २०११ पासून सर्व्हिस अॅनिमल म्हणजे शिकवलेला कुत्रा, असे ठरवले. परिणामी तोच प्राणी टर्मिनलमधल्या उपाहारगृहात पाळीव आणि विमानाच्या दारात मदतनीस ठरू लागला.

विमान कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भावनिक आधाराचे प्राणी २०१६ मध्ये ४ लाख ८१ हजार होते, २०१७ मध्ये ७ लाख ५१ हजार झाले. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्कला एका प्रवासिनीचा मोर अडवला गेला आणि चर्चा मोराचीच झाली. खरा प्रश्न कुत्र्यांचा होता. अरुंद, गोंगाटाच्या जागेत न शिकवलेला कुत्रा घाबरतो, भुंकतो, चावतो. डेल्टा या विमान कंपनीने त्याच महिन्यात नियम कडक करताना २०१६ पासून प्राण्यांमुळे घडलेल्या प्रकारांत ८४ टक्के वाढ झाल्याचे सांगितले. सर्वांत मोठी झळ अंधांना बसली. मार्गदर्शक कुत्र्यावर दुसरा कुत्रा धावून गेला की तो बिचकतो आणि कधी कधी कामातून कायमचा जातो. त्याच्या मालकाचे रोजचे फिरणेच थांबते.

संसदेने २०१८ च्या विमानविषयक कायद्यात नवी व्याख्या ठरवायला सांगितले. (जिवंत प्राणी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवणे त्याच कायद्याने बेकायदा ठरले. त्या मार्चमध्ये एक फ्रेंच बुलडॉग पिल्लू तिथे ठेवल्याने मेले होते.) फेब्रुवारी २०२० मध्ये मसुदा आला, १५ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि ११ जानेवारी २०२१ पासून अंतिम नियम लागू झाला.

आता सर्व्हिस अॅनिमल म्हणजे अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्राच. जात कोणतीही चालते; केवळ जातीवरून नकार देता येत नाही. मनोविकारासाठी शिकवलेले कुत्रे इतरांच्या बरोबरीला आले, हा या नियमातला सर्वांत न्याय्य भाग. घबराटीचा झटका येताना मांडीवर वजन टाकून पडणे, दुःस्वप्नातून उठवणे हे काम आहे. नुसते शेजारी असणे हे काम नाही. कर्मचारी दोनच गोष्टी विचारू शकतात: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. अपंगत्व कोणते, हे विचारता येत नाही.

कागद दोन. पहिल्या सरकारी फॉर्मवर रेबीजच्या लसीची तारीख, प्रशिक्षण (स्वतः केलेलेही चालते), वर्तन आणि नुकसानभरपाईची जबाबदारी लिहायची. खोटी माहिती हा केंद्रीय गुन्हा आहे. दुसरा फक्त आठ तास किंवा त्याहून लांब उड्डाणासाठी: कुत्रा मलमूत्रविधी करणार नाही, किंवा केलाच तर घाण होऊ न देता करेल, याची हमी. तिकीट आधी काढले असेल तर कंपनी हे फॉर्म ४८ तास आधी मागू शकते; ऐनवेळच्या तिकिटावर विमानतळावर दिले तरी चालतात. एका प्रवाशाबरोबर जास्तीत जास्त दोन कुत्रे, तेही मालकाच्या पायांपुढच्या जागेत मावणारे. घोटाळा बहुधा इथे होतो: लॅब्रॅडॉर पायाशी मावतो, पण तो शेजाऱ्याच्या जागेत पसरला तर कंपनी त्याच वर्गातली दुसरी जागा देते, नाहीतर पुढचे विमान किंवा कार्गो (विमानाच्या पोटातली सामानाची जागा) सुचवते. पट्टा किंवा हार्नेस सतत हवा.

कार्गोचा इतिहास वेगळा आणि करुण आहे. मे २००५ नंतरच्या पाच वर्षांत अमेरिकी कंपन्यांनी १२२ कुत्र्यांचे मृत्यू नोंदवले. जात माहीत असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे चपट्या नाकाचे, त्यांत २५ इंग्लिश बुलडॉग आणि ११ पग. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो; आखूड नाकपुड्यांत ते पुरेसे जमत नाही आणि उन्हात धावपट्टीवर थांबलेला पिंजरा पटकन तापतो. गुंगीचे औषध दिले तर धोका वाढतो.

मुंबईहून निघणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. हा सर्व्हिस डॉगचा नियम अमेरिकेत सुरू किंवा संपणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या उड्डाणांनाही लागू आहे, आणि मुंबई–न्यूयॉर्क आठ तासांच्या कितीतरी पुढचे असल्याने दुसरा फॉर्म लागतोच. शिवाय अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र भारताला रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत धरते. १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, लसीच्या आधी मायक्रोचिप बसवलेली हवी आणि लस भारतात दिली असेल तर सरकारी पशुवैद्यकाने शिक्का दिलेला फॉर्म हवा. रक्ताची टायटर चाचणी (लसीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का हे पाहणारी) पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि पोहोचण्याच्या किमान २८ दिवस आधी झालेली असावी. नसेल तर २८ दिवस विलगीकरण. असा कुत्रा नोंदणीकृत प्राणी-निगा केंद्र असलेल्या विमानतळावरच उतरवता येतो, जसे न्यूयॉर्कचा जेएफके, अटलांटा किंवा लॉस एंजेलिस. सर्व्हिस डॉगलाही या लसीच्या अटींतून सूट नाही. म्हणून तिकिटाच्या आधी विमानतळ ठरवावा आणि त्याच्याही आधी चिप.